‘इक्टेरस’ : व्युत्पत्ती, विभक्ती व व्यवहार

रक्ततपासणीच्या अहवालात किंवा रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘इक्टेरस’ हा शब्द आपल्या वाचनात नेहमी येतो. ‘कामला’ असा त्याचा अर्थ घेऊन आपण पुढे जातो. त्याची फोड चिकित्सेसही उपयोगी आहे.

व्युत्पत्ती : मूळ ग्रीक शब्द ‘इक्तेरॉस’. कावीळ व एक पिवळा पक्षी असे त्याचे दोन अर्थ होत. हा पक्षी पाहिल्यास रुग्ण बरा होतो व पक्षी मरतो, ही समजूत रोमन ग्रंथकार प्लिनी याने नोंदविली आहे. ऋग्वेदातील सूर्यसूक्तातही (१.५०) ‘हरिमा’ म्हणजे पिवळेपणा शुकादी पक्ष्यांच्या ठायी ठेवण्याची कल्पना आढळते. दोन्हीकडे लक्ष वेधले ते वर्णाने.

व्याकरण : लॅटिनमध्ये हे नाम पुल्लिंगी असून त्याची षष्ठी ‘इक्टेरी’ होते. ‘इक्टेरस निओनेटोरम’ यातील दुसरे पद षष्ठी बहुवचन आहे, संस्कृतात ‘नवजातानाम्’. ‘लेप्टोस्पायरा इक्टेरोहिमोरेजी’ या जंतुनामाचा अंत षष्ठी एकवचनाचा. अर्थ, कावीळ व रक्तस्राव यांचा लेप्टोस्पायरा. ‘इक्टेरिक’ हे विशेषण. ‘अनिक्टेरिक’ मधील निषेधार्थी ‘अन्’ आपल्या नञ् समासातील ‘अन्’ चा सगोत्र आहे.

व्यवहार : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला व त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. जंतूच्या नावात कावीळ असली तरी या व्याधीचे बहुसंख्य रुग्ण अनिक्टेरिक असतात. म्हणून पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या ज्वरिताचे नेत्र पिवळे नाहीत, एवढ्यावरून शंका सोडू नये. ज्वरासह कावीळ व मूत्राल्पता दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळही प्राकृत समजू नये.

‘इक्टेरस’ हे लक्षणाचे नाव आहे, निदान नव्हे. चरकांनी तिळाच्या पिठासारख्या मलावरून रुद्धपथ कामला वेगळी सांगितली, ती याच विवेकाने. औषधविक्रेत्या बंधूंनीही केवळ हा शब्द पाहून आरोग्यवर्धिनी देऊ नये; कावीळ कशामुळे, हे वैद्यांनी ठरविले आहे का, ते प्रथम विचारावे.