‘वॉल्डन’मधील तीन हरवलेले प्राणी : प्रतीकाच्या अर्थनिर्णयनाचा प्रश्न

दुर्गा भागवतांच्या अनुवादामुळे मराठी वाचकाला परिचित झालेल्या हेन्री डेव्हिड थोरोच्या ‘वॉल्डन’ (१८५४) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात एक गूढ परिच्छेद येतो. फार पूर्वी आपला शिकारी कुत्रा, तपकिरी घोडा आणि होला हरवला व आपण अजून त्यांच्या मागावर आहोत, असे निवेदक सांगतो. वाटेत भेटलेल्या एकदोघांनी कुत्र्याचा आणि टापांचा आवाज ऐकला होता, होला ढगाआड जाताना पाहिला होता. जणू आपलेच काही हरवले असावे, तशी त्यांनाही शोधाची ओढ होती. पुढे खुलासा नाही.

चरित्रनिष्ठ समीक्षेने हे कोडे नावे घालून सोडवले : १८४२ मध्ये वारलेला भाऊ जॉन, लग्नाला नकार देणारी एलन स्यूअल, तिचा धाकटा भाऊ. ही समीकरणे सोयीची आहेत. वर्गात शिकवायला तर फारच. परंतु १८५७ मध्ये एका पत्रलेखकाने अर्थ विचारला असता, इतरांचे कुत्रे-घोडे आपल्या काही हानींची प्रतीके असतीलही, पण त्याहून तरल असे जे गमावले आहे ते अशा हानींतून सूचित होत नाही, असे थोरोने कळवले. कोंबडी वा कुत्रा हरवल्यास माणूस शोधतो, हृदयभाव हरवल्यास शोधणे त्याला ठाऊक नसते, हे मेन्शियसचे वचन त्याने १८४९ च्या नदीप्रवासावरील ग्रंथात आधीच उद्धृत केले होते.

ध्वनिसिद्धान्ताच्या परिभाषेत, चरित्रनिष्ठ वाचन येथे अविवक्षितवाच्य ध्वनी मानते. म्हणजे कुत्रा हा कुत्रा उरतच नाही. वस्तुतः हा विवक्षितान्यपरवाच्य ध्वनी होय. वाच्यार्थ टिकून राहतो, आणि टिकूनच पलीकडचे सुचवतो. ग्रंथातच याला आधार आहे. होले पुढे झऱ्यावरच्या झाडांत साधे पक्षी म्हणून बसलेले दिसतात. हिवाळ्यातील प्राण्यांवरील प्रकरणात तर लेक्सिंग्टनचा एक माणूस आठवडाभर एकट्याने शिकार करीत फिरणारा आपला कुत्रा शोधीत थोरोच्या झोपडीशी येतो. थोरो माहिती देऊ लागतो, तर तो मध्येच विचारतो, तुम्ही इथे करता काय? कुत्रा हरवला, माणूस सापडला, असा थोरोचा मिस्कील शेरा आहे. आरंभीच्या परिच्छेदातील भूमिका येथे उलटल्या आहेत : मागावर असणारा आता वाटेवरचा साक्षी झाला आहे. परिच्छेदाची उकल करताना या प्रसंगाला चरित्रातील नावांपेक्षा अधिक वजन द्यावयास हवे.

घोड्याबाबत पुरावा क्षीण आहे. आगगाडीच्या इंजिनाला थोरो ‘लोखंडी घोडा’ म्हणतो. त्यावरून हरवलेल्या घोड्याचा अर्थ लावणे आकर्षक असले, तरी संहितेत दोहोंना जोडणारा धागा नाही.