परसबागेचे बियाणे : पाकिटातले आणि गाडग्यातले

बागेचा विषय निघाला, की ‘आम्हाला कुठे परवडते!’ हे उत्तर ठरलेले असते. त्याला प्रस्तुत लेखकही अपवाद नव्हता. गेल्या वर्षी जूनमध्ये खोलीच्या गच्चीवर भाजी लावण्याची हौस आली. बियांची तीन पाकिटे, मातीची पिशवी, प्लॅस्टिकच्या कुंड्या अशी खरेदी झाली आणि मेसच्या पैशांना कात्री लागली. दोडका मात्र छान आला. त्याचेच बी धरून यंदा लावले, तर एका वेलाला आखूड फळे, दुसऱ्याला कडू, आणि तिसरा नुसताच पसरला!

दोष बियाण्याचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. पाकिटावर ‘संकरित’ असे स्पष्ट छापलेले होते. दोन निराळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेले हे बी पहिल्या पिढीत एकसारखे व जोमदार पीक देते. पण त्या पिकाचे बी पेरले, की आजा-आजीचे गुण पुन्हा वेगळे होऊन बाहेर पडतात. म्हणून दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. ‘सुधारित’ किंवा गावठी वाणाचे बी मात्र घरी धरता येते. तेव्हा पाकीट घेताना किमतीच्या आधी हा शब्द वाचावा. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांवर सुधारित वाणांचे बी वाजवी दरात मिळते.

बी धरण्यातही भेद आहे. वाल, घेवडा, चवळी, टोमॅटो यांच्या फुलात बहुधा स्वतःच्याच परागाने फलधारणा होते. त्यामुळे त्यांचे वाण सहसा बिघडत नाही. दुधी, काकडी, दोडका यांचे काम मधमाश्या करतात. शेजाऱ्याने दुसऱ्या जातीचा दुधी लावला असेल, तर आपल्या बियांचा भरवसा धरू नये. नवशिक्याने शेंगांपासून सुरुवात करावी. शेंग वेलावरच वाळू द्यावी, आणि पहिल्या निरोगी शेंगा बियाण्यासाठी राखाव्यात. आपण नेमके उलटे करतो. चांगले ते खातो आणि उरलेले बियाण्याला ठेवतो.

पुष्कळसे बियाणे तर स्वयंपाकघरातच असते. मेथी आणि मोहरी डब्यातून थेट मातीत जाऊ शकतात. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेरावेत. पुदिन्याची काडी, अळूचा कांदा, गवती चहाचा ठोंब आणि शेवग्याची फांदी मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. कुंडीऐवजी तेलाचा पत्र्याचा डबा चालतो, मात्र बुडाला भोके पाडायला विसरू नये. मातीचे म्हणाल, तर कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्यापासून कसदार माती करण्याचा विचार गावोगाव नेला. पाचोळा जाळायचा आणि मग मातीची पिशवी विकत आणायची, हा व्यवहार त्यांच्या गणितात बसला नसता.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावठी वाणे जमवून त्यांनी बियाण्याची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे राखण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. मात्र ते नाममुद्रा लावून विकता येत नाही.

हे सारे वाचल्यावर आमच्या आजीचे गाडगे आठवले. लाल घेवड्याचे बी ती राखेत घोळून, तोंडाला फडके बांधून माळ्यावर ठेवी. ती गेल्यानंतर पाच वर्षे ते कोणी पेरले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत गाडगे खाली काढले. निम्म्या बियांना कीड लागली होती. त्यांतले बरे वीस दाणे निवडून ओल्या फडक्यात गुंडाळले आणि रोज पाणी शिंपडले. चौथ्या दिवशी काही नाही, सहाव्या दिवशी दोन दाण्यांना मोड आले.

ते दोन वेल आता अंगणातल्या मांडवावर चढले आहेत. यंदाची एकही शेंग खायची नाही, असे आईने सगळ्यांना बजावले आहे.