पंधरावा आला, बारावा गेला?

प्रश्न : वय ६३. गीतेचा बारावा अध्याय मी न अडखळता म्हणत असे. पंधरावा पाठ करायला घेतला आणि बाराव्यातले श्लोक मागेपुढे होऊ लागले. ही विस्मरणाच्या आजाराची सुरुवात तर नाही ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही लिहिलेली लक्षणे तरी आजाराची वाटत नाहीत. जुने पुसले गेलेले नाही. आठवताना नवे आड येते. मानसशास्त्रज्ञ मॅकगिओ आणि मॅकडोनल्ड यांच्या १९३१च्या प्रयोगात विशेषणांची यादी पाठ झाल्यावर समानार्थी शब्द शिकवले, तेव्हा पहिली यादी सर्वांत जास्त विसरली गेली. आकडे शिकवल्यावर बरीच टिकली. म्हणजे गोंधळ साम्यामुळे वाढतो. तुमचे दोन्ही अध्याय वीस-वीस श्लोकांचे, छंद बहुतांशी अनुष्टुभ, आणि बाराव्यात ‘असा भक्त मला प्रिय’ हा शेवट वरचेवर येतो. गाडी नेमकी तिथेच रूळ बदलत असणार!

मग नवे शिकूच नये का? मुळीच तसे नाही. विसरलेले पुन्हा बसवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५मध्येच दाखवले होते. पंधरावा सकाळी घ्या, बारावा संध्याकाळी पुस्तक मिटून म्हणा. नुसते वाचत राहण्याने पाठांतर पक्के झाल्याचा भास तेवढा होतो. घसरणाऱ्या श्लोकांचे पहिले शब्द क्रमाने लिहून ठेवा. मात्र ओळखीचे रस्ते चुकणे, व्यवहारात गोंधळ होणे किंवा तेच ते विचारणे घरच्यांना जाणवत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.