ताज्या फळांची आयात : आधी कागद, मग कंटेनर

क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार वाशीला गेल्यापासून तेथील गाळ्यांवर परदेशी फळांच्या पेट्या वाढतच गेल्या. आयातीवरील संख्यात्मक बंधने 1 एप्रिल 2001 पासून संपली आणि सफरचंद, नाशपाती, किवी, द्राक्षे, संत्री ही फळे निरनिराळ्या देशांतून न्हावा शेवा बंदरात उतरू लागली. आपल्या अनेक बांधवांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी फळबाजारात आहे. आजवर दुसऱ्याने मागविलेला माल घेऊन विकणारे काही तरुण आता स्वतःच आयात करू पाहतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या धंद्यात पैसा बुडतो तो बहुधा भाव पडल्याने नव्हे, तर कागद अपुरा असल्याने. म्हणून हा धडा.

सर्वांत आधी हा कायदा कशासाठी आहे ते समजून घेऊ, म्हणजे नियम जाचक वाटणार नाहीत. परदेशातून आलेल्या कापसाच्या गाठींबरोबर मेक्सिकन बोंड-सोंड्या ही कीड आपल्याकडे येऊ नये म्हणून 1906 मध्ये सरकारने आयात गाठींना धुरी देण्याची सक्ती केली. पुढे 1914 मध्ये विनाशकारी कीटक व कीड अधिनियम आला. आजचा कारभार त्याच कायद्याखाली काढलेल्या 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार चालतो. बाजारात त्याला नुसते ‘क्वारंटाइन’ म्हणतात. दुर्लक्ष झाले तर काय होते ते पपईवरील पिठ्या ढेकणाने दाखविले. ही परदेशी कीड 2008 मध्ये कोईमतूर भागात प्रथम दिसली आणि थोड्याच काळात पपई व तुतीच्या बागा तिने बसविल्या. 2010 मध्ये तिचा नाश करणारे परोपजीवी कीटक बाहेरून आणून सोडावे लागले, तेव्हा कुठे ती आटोक्यात आली. तुमच्या एका पेटीतून आलेली अळी कुणा शेतकऱ्याची बाग खाऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

आता कामाचे. फळ मागविण्याआधी भाव विचारू नका, अनुसूची पाहा. 2003 च्या आदेशाला अनुसूची जोडलेल्या आहेत आणि त्यांत फळ व देश अशा जोड्या दिल्या आहेत. अमुक फळ तमुक देशातून, तमुक अटींवर, असा हिशेब आहे. सफरचंद चालते म्हणून ते कोणत्याही देशातून चालते असे नाही. जी जोडी यादीत नाही तिच्यासाठी आधी कीड-धोक्याचा अभ्यास व्हावा लागतो. तो सरकार-सरकारमध्ये होतो आणि त्याला वर्षे लागतात. दुबईतला ओळखीचा माणूस ‘माल पाठवतो, तिकडचे तुम्ही बघा’ म्हणाला तरी हुरळून जाऊ नये.

शिवाय यादीतली जोडी कायमची नसते. चीनच्या सफरचंद-नाशपातीत किडी सापडल्यावर 2017 मध्ये त्यांची आयात थांबविण्यात आली. इराणच्या किवीत वारंवार कीड आढळली म्हणून डिसेंबर 2021 मध्ये तिच्यावर बंदी आली. त्या दिवसांत ज्यांनी आगाऊ रक्कम देऊन ठेवली होती त्यांची काय अवस्था झाली असेल! म्हणून प्रत्येक हंगामात, प्रत्येक सौद्याआधी ताजी स्थिती विचारावी. मुंबईचे प्रादेशिक वनस्पती संगरोध केंद्र शिवडीला हाजी बंदर रस्त्यावर आहे. तेथे जाऊन विचारण्यात कमीपणा नाही.

जोडी यादीत आहे असे ठरले की आयात परवाना. पाचव्या व सहाव्या अनुसूचीतील मालाला तो लागतो आणि ताजी फळे बहुतांशी सहाव्या अनुसूचीत येतात. अर्ज ऑनलाइन होतो. परवाना तुमच्या नावाचा असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. माल जहाजावर चढण्यापूर्वी तो हाती असावा. ‘माल निघाला आहे, परवाना मागाहून काढू’ हा विचारच मनातून काढून टाका.

दुसरा आणि सर्वांत नाजूक कागद म्हणजे फायटो, अर्थात वनस्पती-स्वच्छता प्रमाणपत्र. ते निर्यात करणाऱ्या देशाचे सरकारी खाते देते, विकणारा व्यापारी नव्हे. नवखे लोक येथेच चुकतात. फायटो आहे एवढ्याने भागत नाही. त्यात ‘जादा घोषणा’ असावी लागते, म्हणजे आपल्या अनुसूचीत नाव घेऊन सांगितलेल्या किडींपासून माल मुक्त आहे असे लिहिलेले असावे लागते. धुरी किंवा थंडीची प्रक्रिया केली असेल तर तिचे तपशील त्याच कागदावर भरलेले हवेत. फळाचे शास्त्रीय नाव, पेट्यांची संख्या, वजन, मूळ देश हे सारे इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंगशी जुळले पाहिजे. खाडाखोड चालत नाही. माल एका देशात पिकून दुसऱ्या देशातून फिरून येत असेल तर पुनर्निर्यातीचे फायटो आणि सोबत मूळ देशाच्या फायटोची प्रत लागते. यावर माझा उपाय साधा आहे : माल भरण्यापूर्वी फायटोचा मसुदा मागवावा, तो आपल्या परवान्याशी ओळीओळीने ताडून पाहावा आणि तोपर्यंत शिल्लक रक्कम देऊ नये.

थंडीची प्रक्रिया काय असते? भूमध्य फळमाशीची अळी फळाच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. ती मारण्यासाठी फळाचा गर ठरावीक तपमानाला ठरावीक दिवस ठेवतात. आपल्या अनुसूचीत काही फळांसाठी 0 अंश सेल्सियस वा त्याखाली 10 दिवस, 0.55 अंशाला 11 दिवस, 1.1 अंशाला 12 दिवस असे पर्याय आहेत. फळ आणि देश बदलला की अटही बदलते. ही प्रक्रिया जहाजावरच करायची असेल तर रीफर कंटेनरमध्ये फळांच्या गरात तपमापकाच्या सळया खुपसतात. त्या आधी बर्फाच्या पाण्यात तपासून घेतात आणि प्रवासभर नोंद होत राहते. मधेच तपमान वर गेले की झालेले दिवस वाया जाऊ शकतात. नोंदपट नाही तर प्रक्रिया झालीच नाही, असेच धरले जाते.

धुरीला मिथाइल ब्रोमाइड वापरतात. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराने या वायूचा इतर वापर बंद केला, संगरोधासाठी मात्र सूट ठेवली. लाकडी पेट्या व पॅलेटकडेही पाहावे. लाकडाचा गाभा 56 अंशाला 30 मिनिटे तापविलेला असावा किंवा त्याला धुरी दिलेली असावी आणि त्यावर तसा आंतरराष्ट्रीय शिक्का असावा. उत्तम सफरचंदे बिनशिक्क्याच्या फळ्यांमुळे अडकणे यासारखी हळहळ नाही.

बाकीचे कागद कस्टमचा दलाल सांगतोच : आयात-निर्यात कोड, इन्व्हॉइस, पॅकिंग यादी, मूळ देशाचा दाखला. बिल ऑफ एन्ट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करायचे असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ना-हरकत वेगळी लागते. सफरचंद, पपई, अननस, आलुबुखार व खरबूज यांना 1 मार्च 2021 पासून जनुक-बदल नसल्याचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. मे 2023 मध्ये सरकारने किलोला 50 रुपये वा त्याहून कमी किमतीच्या सफरचंदांची आयात रोखली, भूतानला तेवढी सूट दिली. असे हुकूम अचानक निघतात, म्हणून किंमत व शुल्क सौद्याच्या दिवशी पुन्हा विचारावे.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. एका देशाचे सफरचंद दुसऱ्या देशाचे म्हणून आणले की शुल्क वाचते, अशी कुजबुज बाजारात असते. काश्मीर-हिमाचलच्या बागायतदारांनी तशा तक्रारी जाहीरपणे केल्या आहेत. खोट्या दाखल्यावर मिळालेला नफा हलाल कसा म्हणावा? शिवाय 21 सप्टेंबर 2020 पासून सवलत मागणाऱ्या आयातदाराने माल त्याच देशाचा असल्याची माहिती स्वतःजवळ ठेवायची आहे. दलालाकडे बोट दाखवून सुटका नाही. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरहची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपल्याला तरी कागदाचा कंटाळा नसावा.

माल बंदरात आल्यावर निरीक्षक नमुना काढतो, फळे कापून पाहतो. जिवंत कीड सापडली तर जमत असेल तेथे प्रक्रिया, नाहीतर माल परत पाठविणे किंवा नष्ट करणे, आणि खर्च आयातदाराचा. 40 फुटी रीफरमध्ये सुमारे 20 टन सफरचंद बसते. ते अडले की कंटेनरचे भाडे, विजेचा आकार आणि डेमरेज रोज चढते, आणि फळ रोज उतरते. दोन-तीन बांधवांनी भागीदारीत एकच कंटेनर मागवून पहिला हंगाम काढला तर शिक्षण स्वस्तात होते. भागीदारीचा करार मात्र लेखी असावा.

जाता जाता हज-उमराहून येणाऱ्यांसाठी : खजुराचे रोप किंवा मातीसकट झाड सामानात घालू नका. लागवडीच्या मालाला याहून कडक नियम आहेत आणि परवान्याशिवाय माती आणता येत नाही.