नवजात कणांचा शोध: वातावरणविज्ञानातील एक करिअर

हवेतील सल्फ्युरिक आम्ल, अमोनिया आणि वनस्पतींनी सोडलेली सेंद्रिय बाष्पे यांचे रेणू एकत्र आले की एक-दोन नॅनोमीटर आकाराचे पुंजके तयार होतात, आणि परिस्थिती अनुकूल असल्यास ते वाढत जाऊन 50 ते 100 नॅनोमीटरचे होतात, तेव्हा त्यांच्याभोवती ढगातील थेंब तयार होऊ शकतो. या घटनेला नवकणनिर्मिती म्हणतात. ढगांची घडण आणि हवामानबदलाचे अंदाज यांच्याशी तिचा थेट संबंध असल्याने तिच्या अभ्यासाला प्रशिक्षित मनुष्यबळ लागते.

जमिनीवरील कणमापक यंत्रे आजूबाजूच्या हवेतील कण मोजतात, परंतु कण कित्येकदा शेकडो मीटर उंचीवर जन्मतात. तेथे लायडार, म्हणजे आकाशात लेसरचे स्पंद सोडून परतणारा प्रकाश मोजणारे दूरसंवेदन उपकरण, उपयोगी पडते. मात्र कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याने विखुरलेला प्रकाश सुमारे दहा लाख पटींनी घटतो, त्यामुळे नवजात कण लायडारलाही थेट दिसत नाहीत. म्हणून संशोधक जमिनीलगतच्या मिश्रणस्तराची उंची, हवेचे चढउतार आणि वाढलेल्या कणांचे विकिरण यांची सांगड जमिनीवरील मोजमापांशी घालून निष्कर्ष काढतात. फिनलंडमधील ह्युतियाला येथील केंद्रात जमिनीवरील कणांची अशी मोजमापे 1996 पासून चालू आहेत.

अप्रत्यक्ष पुराव्यावरून अनुमान काढणे हेच या क्षेत्राचे मुख्य कौशल्य असल्याने अभ्यासक्रमाच्या आकर्षक नावापेक्षा पायाभूत विषय महत्त्वाचे ठरतात. बारावीला गणित ठेवावे, पदवीला भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घ्यावे आणि त्याच काळात संख्याशास्त्र व पायथनसारखी संगणकभाषा शिकावी. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाशविज्ञान विभागात पदव्युत्तर शिक्षण घेता येते, तर आयआयटींमधील एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा असते. संशोधनासाठी पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, तिची महाबळेश्वर येथील ढगभौतिकी प्रयोगशाळा, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि तिरुपतीजवळील गदंकी येथील राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा ही ठिकाणे महत्त्वाची आहेत.

पालकांची चिंता बहुधा उत्पन्नाची आणि लांबणाऱ्या शिक्षणाची असते, आणि ती निराधार नाही: पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे लागतात आणि कायम पदे मोजकीच असतात. तथापि ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 2023 पासूनच्या दरानुसार दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे हा काळ पूर्णपणे घरच्या खर्चावर काढावा लागत नाही. शिवाय लेसर व प्रकाशीय उपकरणांचे ज्ञान आणि मोठ्या विदासंचाचे विश्लेषण यांना हवा-गुणवत्ता सल्लासेवा, उपकरणनिर्मिती आणि विदाविज्ञान या क्षेत्रांतही मागणी असते. संथ, चिकाटीच्या कामात मुलाचे किंवा मुलीचे मन रमते का, हे उन्हाळी प्रशिक्षणातून पदवीच्या काळातच पडताळता येते आणि निर्णय त्यानंतरच घेणे हिताचे ठरते.