टेलिफोनवरून ऐकलेला समुद्र

माणूस समुद्रात किती खोल गेला, हा इतिहास सहसा आकड्यांत सांगतात. कोण, किती फूट, कुठल्या साली. साहित्य शिकणाऱ्या माझ्यासारखीला मात्र त्यात वेगळाच प्रश्न दिसतो. जिथे दुसरं कोणीच गेलेलं नाही, तिथलं वर्णन खरं कशावरून मानायचं? विल्यम बीबच्या बाबतीत हा प्रश्न अगदी उघडा पडतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते आहे.

बीब हा न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्रीय संस्थेतला निसर्ग-अभ्यासक. ऑटिस बार्टन हा तरुण इंजिनिअर. बार्टनच्या पैशाने एक पोकळ पोलादी गोळा तयार झाला. त्याचं नाव बॅथिस्फियर. व्यास ४ फूट ९ इंच, वजन सुमारे सव्वादोन टन. ह्यात दोन मोठी माणसं पाय दुमडून बसायची आणि बाहेरून दार बोल्टांनी घट्ट बंद केलं जायचं. प्राणवायूचे नळकांडे आत, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडा लाइमचे ट्रे, आणि हवा हलती ठेवायला ताडाच्या पानांचे पंखे! पाहण्यासाठी ३ इंच जाड क्वार्ट्झच्या छोट्या खिडक्या. स्वतःहून हा गोळा कुठेच जाऊ शकत नव्हता. बर्म्युडाजवळ एका बार्जवरून तो पोलादी दोरखंडाने खाली सोडायचे. दोर तुटला असता तर विषय संपला.

दोराबरोबर एक दुसरी केबलही खाली जायची, दिव्याची आणि टेलिफोनची. माझ्या मते खरं यंत्र तेच होतं. डेकवर कानाला हेडफोन लावून ग्लोरिया हॉलिस्टर बसलेली असे. ती स्वतः प्राणिशास्त्राची अभ्यासक. बीब खिडकीला चेहरा लावून बोलत राहायचा आणि ती वहीत लिहून घ्यायची: किती खोल, काय दिसलं, कुठल्या रंगाचं. बोलणं सतत चालू ठेवणं गरजेचं होतं, कारण खालची शांतता म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण. बायबलमधला योना माशाच्या पोटातून बोलला तो देवाशी. बीबला निदान उत्तर द्यायला वर एक माणूस होतं.

खाली गेल्यावर भाषाच अपुरी पडते. पाणी आधी लाल रंग गिळतं, मग नारिंगी, पिवळा. शेवटी उरतो तो निळा. पण हा निळा आपल्या ओळखीचा नाही. डोळ्यांना तो झगझगीत वाटत होता, आणि तरी त्या उजेडात पुस्तकातलं अक्षर वाचता येईना. ह्या रंगाला शब्द शोधताना बीबची तारांबळ उडाली. आपल्याकडे निळा, जांभळा, अस्मानी, मोरपंखी असे कितीतरी शब्द आहेत, पण सगळे उन्हात पाहिलेल्या वस्तूंवरून आलेले. जिथे ऊनच पोचत नाही तिथे ते काय कामाचे?

१५ ऑगस्ट १९३४ रोजी बीब आणि बार्टन ३,०२८ फुटांवर, म्हणजे ९२३ मीटरवर पोचले. तोपर्यंत इतक्या खोल जाऊन जिवंत परत आलेलं कोणी नव्हतं. पण हातात काय होतं? फोटो काढण्याचे प्रयत्न फारसे साधले नव्हते. मासे पकडून आणणं तर शक्यच नव्हतं. होती ती हॉलिस्टरची टिपणं, आणि त्यांच्या व बीबच्या आठवणीच्या आधारे एल्स बॉस्टेलमान या चित्रकर्तीने काढलेली चित्रं. म्हणजे पाहिलेल्याचं झालं बोलणं, बोलण्याचं लिहिणं, लिहिण्याचं चित्र.

एवढ्यावर बीबने काही माशांना शास्त्रीय नावंही देऊन टाकली. त्यातल्या एकाचं नाव बॅथिस्फेरा इंटॅक्टा, साधारण अर्थ 'हात न लागलेला'. १९३२ मध्ये त्याने असे दोन मासे पाहिले, सहा-सहा फूट लांब, अंगावर दिव्यांची रांग. नंतर ते कोणालाच दिसले नाहीत. मत्स्यतज्ज्ञ कार्ल हब्स याने बीबच्या पुस्तकाच्या परीक्षणात सरळ टोमणा मारला. दुसऱ्या एका ताऱ्यांसारख्या ठिपक्यांच्या माशाबद्दल तो म्हणाला की हा चमकणारा जेलीफिशसारखा जीव असेल, आणि उत्सुकतेने काचेला चिकटलेल्या बीबच्याच श्वासाची वाफ त्यावर आली असेल.

टोमणा मजेशीर आहे, आणि नियमाने हब्सचं बरोबरही आहे. नमुना नसताना नाव देणं घाईचंच. पण म्हणून बीब खोटारडा ठरत नाही. त्याने सांगितलेले बाकीचे पुष्कळ जीव खरेच निघाले. मला वाटतं, बीबने साक्षीदाराचं काम चोख केलं आणि लगेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायला गेला, तिथे गडबड झाली.

असंच पुढेही घडलं. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्ते'मधून मारियाना गर्तेच्या तळाला, जवळजवळ ११ किलोमीटर खोल टेकले. साधारण वीस मिनिटं ते तिथे होते. पिकारने सांगितलं, चपटा मासा पाहिला. तळाचा गाळ इतका उडाला की फोटो मिळालाच नाही. एवढ्या दाबाखाली मासा जगू शकत नाही, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. ती समुद्रकाकडी असावी. पिकारने मात्र आपलं विधान पुस्तकात तसंच लिहून ठेवलं.