सणाच्या दिवशी मुलाला घरी ठेवू का?

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू; बदलीमुळे अलिबागहून साताऱ्यात आलो. आठ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. ढोल वाजले की कान झाकून रडतो. शाळेत गणपतीची आरती असते. आमच्यात मूर्तिपूजा नाही. सूट मागितली तर शाळा त्याचं नाव पटावरून काढेल का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, ही भीती आधी मनातून काढा. राज्यघटनेच्या कलम २८ (३) प्रमाणे सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला पूजेला बसण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार त्याच्या गरजेप्रमाणे सोय करणं शाळेचं काम आहे. ही मेहेरबानी नव्हे.

पण त्याला घरी ठेवू नका. तो वर्गापासून तुटेल. आठवडाभर आधी बाईंना भेटा, मागणी लेखी द्या. आरतीच्या वेळी त्याला वाचनालयात, ओळखीच्या माणसाजवळ बसू द्या. आवाज अडवणारे हेडफोन दप्तरात असू द्या. पताका लावणं, रांगोळीत रंग भरणं चालत असेल तर जरूर करू द्या. प्रसादाचं काय, ते तुम्हीच बाईंना सांगा. नकार देण्याचं ओझं त्याच्यावर नको. आणि तुमच्या एखाद्या शुभप्रसंगी वर्गासाठी मलिदा न्या. पोहे, खोबरं, साखर : साताऱ्याच्या पोरांना ही चव लगेच ओळखीची वाटेल.